रोज पंधरा मिनिटं की रविवारी सलग दोन तास?

हिरवापट्टा:

नमस्कार मंडळी. प्रश्न कराटेचा आहे, पण पोहणं किंवा एखादं वाद्य शिकणाऱ्यांनी उत्तर दिलं तरी चालेल, दुखणं तेच असावं.

वय ४४. मुलाला क्लासला सोडायला जायचे, बाहेर बाकावर तासभर बसून कंटाळले आणि एक दिवस आत जाऊन शेवटच्या रांगेत उभी राहिले. वर्षभरात मुलाने सोडलं, मी राहिले. स्टाइल शोतोकान. आता तीन वर्षं झाली, पट्टा हिरवा. आठवड्याला दोन क्लास असतात, त्यातला एक बहुतेक वेळा ऑफिस खातं.

मागच्या दोन्ही ग्रेडिंगला शेऱ्याच्या कागदावर एकच वाक्य होतं: झेनकुत्सुदाचीत (पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताणून उभं राहताना) मागची टाच उचलली जाते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, होईल हळूहळू. सहा महिन्यांनी शब्दाला शब्द तेच वाचल्यावर लाज वाटली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी गच्चीवर दोन तास काढते. किहोन (सुट्या मूळ हालचाली), मग येतात ते तीन हेआन (सुरुवातीचे काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली), शेवटी किक्स. घामाघूम होते, छान वाटतं. सोमवारी जिना उतरताना कठडा धरते. आणि बुधवारी क्लासला सर ओरडतात, "टाच!"

आमच्याकडची एक सीनिअर (वयाने माझ्या निम्मी) म्हणते, ताई, रविवारचा सोस सोडा, रोज पंधरा मिनिटं करा. मला ते पटकन पटत नाही. अंग गरम होईपर्यंतच दहा मिनिटं जातात. शिवाय बघणारं कोणी नाही, मग चुकीचंच रोज घोटलं गेलं तर? आणि खरं सांगायचं तर कंटाळा येतो हो. हेआन शोदान मला आता झोपेतही येतो.

रोजच्या सरावातून नक्की काय हाताला लागतं, कोणी स्वतःच्या अनुभवावरून सांगेल का? "शिस्त लागते" हे उत्तर सोडून.


धावतीभेट:

रोज. विषय संपला. :)

अंग गरम करायची वाट कशाला बघता? मी सकाळी दात घासताना किबादाचीत, म्हणजे घोडेस्वारासारखा, उभा राहतो. चार वर्षं झाली. बायको आता बाथरूमचं दार वाजवून विचारते, "घोड्यावरून उतरलात का?"


टर्नर५८:

हिरवापट्टाताई, मी आयुष्यभर लेथ चालवला. उत्तर त्याच भाषेत येणार, सांभाळून घ्या.

एक जॉब मापाबाहेर गेला म्हणून मी लगेच सेटिंगला हात लावत नाही. माल कडक निघाला असेल, मध्ये कचरा अडकला असेल, माझंच लक्ष उडालं असेल. पण लागोपाठ दहा जॉब जाडच यायला लागले, तर टूल झिजलंय किंवा सेटिंग हललंय. तुमचा रविवार हा एक जॉब आहे. दोन तासांत टाच पन्नास वेळा उचलली गेली असेल, पण का, हे त्यातून कळत नाही. दमलात म्हणून? आठवडाभर खुर्चीत बसून घोटा आखडला म्हणून? की खरोखर तुमच्या पायरीतच काही आहे? रविवारी सगळं एकत्र कालवलेलं असतं. रोज ताज्या अंगाने, त्याच जागी, तेच थोडंसं केलं की चूक सुटी होऊन समोर येते. मला रोजच्या सरावातून मिळालं ते हे. शिस्त वगैरे मला आजही नाही, घरच्यांना विचारा.

आता माझी फजिती. १९ व्या वर्षी सुरू केलं, तिशीत ब्लॅक बेल्ट मिळाला आणि वर्षभरात सोडलं. शिफ्ट, घर, नेहमीचीच कारणं. सात वर्षांनी परत गेलो. पहिल्या दिवशी सेन्सेई (आमचे सर) म्हणाले, बास्साई दाई हा काता कर. ४२ हालचाली आहेत त्यात. एकही विसरलो नव्हतो! कुठे वळायचं, कुठला हात वर, सगळं जागच्या जागी. मनातल्या मनात मी खूश. सेन्सेईंनी शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पत्ता पाठ आहे तुझा. घरात कोणी नाही."

खरं होतं. कंबर आधी पोचत होती, मूठ मागून. पूर्वी पंचच्या शेवटच्या क्षणी सगळं अंग एकदम आवळलं जायचं आणि लगेच सुटायचं, ते कीमे तर नावालाही नव्हतं. दहाव्या-बाराव्या हालचालीला श्वास संपला. क्रम डोक्यात राहतो, तो जात नाही. बाकीचं अंगात असतं आणि अंग भाड्याच्या घरासारखं आहे, भाडं थांबलं की सामान बाहेर.

शोतोकान ज्यांच्यापासून सुरू झालं त्या फुनाकोशी गिचिन यांनी कराटेची वीस सूत्रं लिहून ठेवली आहेत. त्यातलं अकरावं गरम पाण्याचं आहे: सतत आच दिली नाही तर कराटे पुन्हा साधं पाणी होतं. हे सूत्र मी तरुणपणी शंभरदा ऐकलं होतं. तेव्हा वाटायचं, आळशांना दटावण्यासाठी आहे. त्या दिवशी अर्थ लागला. पाणी गार झालं तरी भांडं तेच, पाणी तेवढंच, बघून काहीच कळत नाही. हात घालावा लागतो.

त्यानंतर मी रोजचं धरलं. रात्रपाळीहून आल्यावर घरातल्या पॅसेजमध्ये. रुंदी तीन फूट. तिथे हेआन मावत नाही, पण तेक्की शोदान मावतो, कारण तो सगळा एका सरळ रेषेत, आडवा, डावीकडे-उजवीकडे चालतो. २९ हालचाली. फुनाकोशींनी स्वतः लिहिलंय की तेक्कीचे तीन काता शिकायला त्यांना इतोसू अंको यांच्याकडे दहा वर्षं लागली. दहा वर्षं तीन काता! मला पहिल्या महिन्यातच वाटलं की आता यात काही उरलं नाही. मग खालच्या मजल्यावरचे वर आले. तेक्कीत पाय उचलून जमिनीवर दाबायचा असतो, आणि मी पहाटे पाच वाजता त्यांच्या छतावर तो आपटत होतो. बंद करणं शक्य नव्हतं, म्हणून आवाज न करता करायला लागलो. वजन खाली जायला हवं, पण ठोका बसता कामा नये. हे जमायला आठ महिने लागले. तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी नुसताच आवाज करत होतो, वजन वरच राहत होतं. त्या शेजाऱ्यांचे मी मनापासून आभार मानले, त्यांना का ते कळलं नाही.

कंटाळ्याबद्दल. झोपेतही येतो म्हणालात. मग बहुतेक झोपेतच होत असणार.

आता एक काम सांगतो. गच्ची आहे तर खडू घ्या. हेआन शोदान जिथून सुरू करता तिथे दोन्ही अंगठ्यांपुढे रेघ मारा. या कातात २१ हालचाली आहेत आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं असतं. रोज फक्त तीन वेळा करा, नेहमीच्या वेगाने. मिनिटभराचा काता आहे, दम खाऊनही दहा मिनिटांत होतं. मध्ये खाली बघायचं नाही. यामे (थांबा) झाल्यावर पाय न हलवता बघा, रेघेपासून कुठे आलात. पुढे, मागे, डावीकडे? बोटांनी, वितेने मोजा आणि आकडा लिहून ठेवा. काहीही सुधारायला जाऊ नका. दहा दिवस फक्त मोजायचं. दहा दिवस आकडे चोहीकडे फिरत असतील तर तुमची पायरीच अजून ठरलेली नाही. एकाच बाजूला जात असतील तर सेटिंग हललंय, आणि मग ते कुठे, हे शोधता येतं.

टाचेचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही. खडू देईल असं वाटतं.


शंकेखोर:

छान लिहिलंय, पण मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण मी रोजच्या सरावाने जायबंदी झालेला माणूस आहे.

कुणीतरी डोक्यात भरवलं की हजार केल्याशिवाय किक येत नाही. मी रोज दोन्ही पायांनी शंभर-शंभर मवाशी गेरी (बाजूने फिरवून मारायची किक) मारायचो. न चुकता, चार महिने, सिमेंटच्या जमिनीवर, अनवाणी. आकडा पूर्ण झाला की वहीत बरोबरची खूण. त्या खुणा बघून काय अभिमान वाटायचा! अडचण एवढीच होती की किक मारताना खालचा पाय फिरत नव्हता. टाच लक्ष्याच्या दिशेने वळायला हवी, ती माझी जागच्या जागी चिकटलेली. वरून कंबर फिरतेय, खाली पाऊल फिरत नाहीये, मधे काय आहे? गुडघा. चार महिन्यांनी तो बोलला. दोन महिने किक बंद, सहा महिने मवाशी बंद. आज पावसाची चाहूल मला वेधशाळेच्या आधी लागते.

तेव्हा ताई, तुमची भीती रास्त आहे. चुकीचं रोज केलं की ते पक्कं होतं. आठवड्यातून एकदा केलं असतं तर निदान कच्चं तरी राहिलं असतं. :D


टर्नर५८:

शंकेखोर, मान्य. तुमचं ऐकून आतल्या आत कळवळलो.

पण एक बघा. तुम्ही रोज काय मोजलंत? किक किती झाल्या ते. त्यात चूक पकडायची सोयच नव्हती. दिवसाला दोनशे जॉब काढले आणि मायक्रोमीटर एकदाही लावला नाही, असं झालं ते. मी ताईंना तीन सांगितले, तीस सांगितले नाहीत, याचं कारण हेच. तिसऱ्यानंतर माझं तरी लक्ष उडतं.

फुनाकोशींचे गुरू इतोसू यांनी १९०८ मध्ये एक पत्र लिहिलं होतं, दहा मुद्द्यांचं. कराटे ओकिनावाच्या शाळांत गेलं ते त्यांच्याच खटपटीने. त्या पत्रात ते म्हणतात की कराटे झटपट येत नाही. संथ चालणारा बैलसुद्धा चालत राहिला तर हजार कोस गाठतो, तसा रोज एक-दोन तास मन लावून सराव करणाऱ्याचं अंग तीन-चार वर्षांत पालटतं. पुढे माकिवारावर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या फळीवर, एकेका हाताने शंभर-दोनशे ठोसे मारायलाही सांगतात. इथपर्यंत सगळे वाचतात आणि वही काढून खुणा करायला लागतात. पण त्याच पत्रात हेही आहे की ताकद अवाजवी लावली तर चेहरा आणि डोळे लाल होतात, शरीराला अपाय होतो, सांभाळा. बैलाची गोष्ट सांगणाऱ्यानेच हेही सांगितलंय. बैल पळत नाही, हे आपण सोयीने विसरतो.

गुडघ्यासाठी फिजिओकडे जाता ना?


शंकेखोर:

जातो. तोही रोज दहा मिनिटं करायला सांगतो. :(


छोटेवर्ग:

मी मुलांना शिकवते, त्यामुळे दोन गोष्टी फक्त जोडते.

पहिली म्हणजे, हाताला-पायाला नवीन हालचाल शिकवायची तर एकूण वेळ तोच असला तरी तो अनेक दिवसांत वाटून केलेला सराव एका बैठकीपेक्षा जास्त टिकतो. मधल्या झोपेचा त्यात मोठा वाटा आहे. वर्गात हे डोळ्यांनी दिसतं. आज संध्याकाळी अर्धा तास गेदान बराईवर (खालच्या ब्लॉकवर) घासलं तरी मूल अडखळतं, आणि परवा येतं तेव्हा जणू कुणीतरी मध्ये शिकवून गेलंय. रविवारच्या दोन तासांनंतर सहा दिवस काहीच नसतं, आणि दुसऱ्या तासात तर तुम्ही दमलेल्या पायांनी दमलेली पायरी शिकत असता. रविवार पूर्ण सोडू नका, तो दमसासाला चांगला आहे. पण टाच तिथे सुधारणार नाही.

दुसरी गोष्ट टर्नरकाकांना चिमटा म्हणून. हेआन शोदान दोन्ही बाजूंना सारखा नाही. पुढे जाताना तीन आगे उके (वरचे ब्लॉक): उजवा, डावा, उजवा. परत येताना तीन ओई झुकी (पाऊल टाकत मारलेले पंच), तेही उजवा, डावा, उजवा. रोज तेवढंच केलं तर उजवी बाजू दुप्पट घोटली जाते. म्हणून तीनपैकी एकदा आरशातल्यासारखा, उलटा करायचा. ताई, झोपेत येतो म्हणालात ना, उलटा करून बघा, खडखडीत जाग येईल.

अवांतर: वयाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण ४४ आधी लिहिलंत म्हणून सांगते. कराटे ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते टोकियोला, २०२१ मध्ये. तिथे महिलांच्या कातात स्पेनच्या सँड्रा सांचेझने सुवर्णपदक मिळवलं तेव्हा ती ३९ वर्षांची होती.


टर्नर५८:

उलटा करायचं मला कधी सुचलंच नाही. आत्ता पॅसेजमध्ये हेआन शोदानचा पहिला भाग उलटा करून पाहिला. पाचव्या हालचालीला भिंतीकडे तोंड करून उभा होतो. धन्यवाद, बाई.


हिरवापट्टा:

तीन आठवडे झाले, धागा वर काढतेय.

२२ दिवसांपैकी १७ दिवस केलं. पाच बुडाले: दोन दिवस पाऊस, एक दिवस ताप, उरलेल्या दोन दिवसांचं कारण लिहिण्यासारखं नाही. रोज दोनदा सुलटा, एकदा उलटा. उलट्याचे आकडे लिहीतच नाही, तो अजून कुठेही संपतो, एकदा पाण्याच्या टाकीला जाऊन भिडले.

सुलट्याचे आकडे: १७ पैकी १४ दिवस मी रेघेच्या मागे. सुरुवातीला दीड वीत, नंतर वीतभर. डावीकडे-उजवीकडे जवळजवळ काही नाही. म्हणजे जाताना मी कमी जाते आणि येताना जास्त येते. हे कळल्यावर चार दिवस डोकं खाजवलं. जाताना तीन ब्लॉक, येताना तीन पंच. ब्लॉकच्या पायऱ्या मी सांभाळून टाकते आणि पंच मारताना अंग झोकून देते, तिसऱ्याला तर किआई (जोराची आरोळी) असते म्हणून जास्तच. मग मोबाइल टाकीला टेकवून, घोट्याच्या उंचीवर ठेवून चित्रण केलं. आगे उकेत टाच खाली आहे! तिन्ही वेळा. गेदान बराईतही खाली. उचलली जाते ती फक्त पंचला, आणि तिसऱ्या पंचला तर मांजर जाईल एवढी. पाय इतका लांब पडतो की मागचा घोटा पुरतच नाही.

दोन वर्षं मी "टाच खाली, टाच खाली" म्हणत सगळीकडेच टाच दाबत होते. जिथे ती आधीपासून खालीच होती तिथेसुद्धा.

आता पंचची पायरी चार बोटं आखूड टाकते. पंच मला बावळट वाटतो, लुटुपुटूचा, पण टाच टेकते, आणि टेकली की कंबर वळायला आधार मिळतो हे पहिल्यांदा जाणवलं. गेल्या चार दिवसांत रेघेपासून तीन बोटांच्या आत आहे. किआईच्या वेळी अजून सुटते. रविवार आता तासाभराचा केलाय, सोमवारी जिना सरळ उतरते.

टर्नरकाका, कंटाळा दोन दिवसांपूर्वी परत आला होता. खाली रेघ कुठे असेल याची पैज लावते मनाशी, तेवढ्यावर निभावतं. पैज बहुतेक हरते.

आणि मुलगा, ज्याने सोडलं होतं तो, कपडे वाळत घालायला गच्चीवर आला तेव्हा पाहत उभा राहिला. म्हणाला, आई, तू तिसऱ्या पंचच्या आधी श्वास रोखतेस. आकड्यांच्या कागदावर लिहून ठेवलंय.

काल बुधवार होता. सरांनी हेआन शोदान करायला लावला. माझ्यामागे येऊन उभे राहिले, पूर्ण पाहिला. आणि ओरडले, "खांदा!"


धावतीभेट:

अभिनंदन! पदोन्नती झाली.


टर्नर५८:

खांद्याला खडू चालणार नाही. काखेत घडी घातलेला रुमाल धरा आणि जागेवर उभ्याने सावकाश पंच मारा, दोन्ही हातांनी दहा-दहा. खांदा वर गेला की रुमाल पडेल. कितव्याला पडला ते लिहा.